ग्रंथसंग्रहाची सामूहिक आयात आणि मराठी लेखनाचे प्रश्न

प्रास्ताविक

लिपी, लेखनव्यवस्था आणि प्रमाणलेखन या संकल्पनांचा विचार आपण आतापर्यंत हस्तलिखित व छापील मजकुराच्या संदर्भात केला. प्रस्तुत घटकात तोच विचार एका निराळ्या ठिकाणी नेऊन पाहावयाचा आहे. एखाद्या संस्थेकडील शेकडो ग्रंथ, प्रबंध व नियतकालिकांचे अंक जेव्हा एकाच आज्ञेने संगणकाच्या सर्व्हरवर चढवले जातात, तेव्हा मराठी लेखनासंबंधीचे कोणते निर्णय आधी घ्यावे लागतात, हा या घटकाचा विषय आहे.

हा विषय संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आहे, मराठीच्या विद्यार्थ्याने तो का अभ्यासावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. आपल्यापैकी अनेकजण शाळा-महाविद्यालयांत, ग्रंथालयांत, कार्यालयांत नोकरी करीत असतील. जुनी पुस्तके स्कॅन करून जतन करण्याचे काम अशा ठिकाणी हाती घेतले जाते, तेव्हा तांत्रिक बाजू कोणी तंत्रज्ञ सांभाळतो. परंतु पुस्तकाचे नाव कसे लिहावे, लेखकाचे कोणते नाव नोंदवावे, 'शके' हा शब्द गाळावा की ठेवावा, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते प्रश्न भाषेच्या जाणकाराकडे येतात. बहुधा ते कोणाकडेच येत नाहीत आणि मग संग्रहात ग्रंथ असूनही शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

उदाहरणासाठी आपण डीस्पेस ही प्रणाली घेऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची ग्रंथालये आणि ह्युलेट-पॅकार्ड कंपनी यांनी ती मिळून विकसित केली व २००२ साली ती मुक्तस्रोत स्वरूपात सर्वांना उपलब्ध झाली. आपल्या देशातील अनेक विद्यापीठे ती वापरतात. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचा 'शोधगंगा' हा प्रबंधांचा संग्रह याच प्रणालीवर उभा असून मराठी विषयाचे प्रबंधही त्यात आहेत.

एक सूचना येथेच करतो. या पुस्तिकेत आज्ञा व फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमी लिपीतच टंकित करावयाची असतात.

सामूहिक आयात कशासाठी

डीस्पेसमध्ये ग्रंथ दाखल करण्याचे दोन मार्ग येथे विचारात घेऊ. पहिला मार्ग पडद्यावरील अर्जाचा. शीर्षक, लेखक, वर्ष इत्यादी रकाने भरावयाचे, फाइल जोडावयाची आणि अर्ज सादर करावयाचा. एका ग्रंथासाठी दहा मिनिटे धरली, तर सहाशे ग्रंथांसाठी शंभर तास होतात. शिवाय पाचशेव्या अर्जापर्यंत भरणाऱ्याचे लक्ष पहिल्या अर्जाइतके उरत नाही, हे सांगावयास नकोच.

दुसरा मार्ग कमांड लाइनचा. कमांड लाइन म्हणजे पडद्यावरील चित्रे व बटणे बाजूला ठेवून संगणकाला थेट शब्दांत आज्ञा देण्याची पद्धत. सर्व ग्रंथांच्या फाइली व त्यांच्या नोंदी ठरावीक रचनेत आधी बांधून ठेवावयाच्या आणि एका आज्ञेने त्या सर्व्हरमध्ये घ्यावयाच्या. यालाच सामूहिक आयात म्हणतात. भाषेच्या अभ्यासकाला या पद्धतीत एक मोठा लाभ आहे, तो वेळेच्या बचतीहून महत्त्वाचा वाटतो. सर्व नोंदी आयातीपूर्वी एकत्र समोर असतात. त्या एकमेकींशी ताडून पाहता येतात, एकाच निकषाने तपासता येतात. पडद्यावरील अर्जात प्रत्येक नोंद एकटी असते. बांधणीत सगळ्या नोंदी संपादकाच्या मेजावर पसरलेल्या असतात.

बांधणीची रचना

या रचनेला सिंपल आर्काइव्ह फॉरमॅट असे नाव आहे आणि ती खरोखरच साधी आहे. सर्व संग्रहासाठी एक मोठे फोल्डर. त्यात प्रत्येक ग्रंथासाठी एक लहान फोल्डर. लहान फोल्डरमध्ये ग्रंथाची फाइल किंवा फाइली, 'कंटेंट्स' नावाची एक साधी यादी आणि 'डब्लिन कोअर' नावाची नोंद. यादीत प्रत्येक ओळीवर एका फाइलीचे नाव असते. त्या यादीत जे नाव नाही, ती फाइल ग्रंथाबरोबर आत जात नाही.

डब्लिन कोअर या नावातील डब्लिन आयर्लंडच्या राजधानीचे नव्हे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डब्लिन या गावी १९९५ साली भरलेल्या कार्यशाळेतून ही वर्णनपद्धती निघाली. शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक, भाषा, अधिकार असे एकूण पंधरा मूळ घटक तिच्यात आहेत. जुन्या ग्रंथालयांतील लाकडी खणांत असलेली तालिकापत्रे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना हे घटक ओळखीचे वाटतील. फरक इतकाच की येथे प्रत्येक घटक खुणेच्या कंसात बांधलेला असतो, म्हणजे तो शीर्षक आहे की लेखक, हे संगणकाला वेगळे कळते. प्रत्येक मूल्याला भाषेची खूणही जोडता येते. मराठीसाठी दोन अक्षरी संकेत 'एम-आर' असा आहे.

फाइलींना मराठी नावे देण्याचा मोह होतो, तो आवरावा. कारण भावनिक नाही, तांत्रिक आहे. ॲपलच्या संगणकांवरील जुनी फाइल-रचना नावातील काही अक्षरे साठवताना फोडते. 'ऱ' हे अक्षर ती 'र' आणि त्याखालील नुक्ता अशा दोन तुकड्यांत ठेवते. यादीत मात्र 'ऱ' अखंड टंकित केलेला असतो. अशी फाइल सर्व्हरवर नेली की डोळ्यांना दोन्ही नावे एकच दिसतात आणि संगणक मात्र 'फाइल सापडली नाही' असे सांगून थांबतो. फाइलींना रोमी अक्षरांत व अंकांत क्रमवार नावे द्यावीत आणि मराठी नाव नोंदीत द्यावे. वाचकाला दिसते ते नोंदीतील नाव.

नोंद : शीर्षक, कर्ता, काळ

या भागाकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण येथे तंत्रज्ञान संपते आणि आपला विषय सुरू होतो.

प्रथम शीर्षक. १९६२ साली राज्यशासनाने मान्य केलेल्या, मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर 'भाषेचें', 'पुस्तकें', 'नाहीं' अशी रूपे आढळतात. नोंद करताना ही रूपे आजच्या नियमांनुसार 'दुरुस्त' करावीत काय? माझे मत स्पष्ट आहे : करू नयेत. ग्रंथाचे शीर्षक हा ऐतिहासिक पुरावा आहे, नोंद करणाऱ्याचे गद्य नव्हे. परंतु आजचा वाचक शोधाच्या रकान्यात 'भाषेचे' असेच टंकित करणार, अनुस्वार देणार नाही. म्हणून डब्लिन कोअरमध्ये पर्यायी शीर्षकाची जी सोय आहे, तिचा उपयोग करावा. मूळ शीर्षक मुखपृष्ठावर आहे तसे मुख्य रकान्यात आणि आजच्या लेखनातील रूप पर्यायी रकान्यात. पाठचिकित्सेत संपादक मूळ पाठ वर ठेवतो व पाठभेद खाली देतो, त्याच्याशी ही रीत जुळणारी आहे.

कर्त्याचा प्रश्न मराठीत अधिक गुंतागुंतीचा आहे. टोपणनावांची आपली परंपरा समृद्ध आहे आणि यंत्राच्या दृष्टीने ती तितकीच अडचणीची आहे. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने केले. मुखपृष्ठावरील नाव जसेच्या तसे घेतले, तर संग्रहाच्या लेखकसूचीत तीन वेगवेगळे लेखक उभे राहतात. त्यातच कोणी 'गडकरी, राम गणेश' असे लिहिलेले असते, कोणी 'रा. ग. गडकरी', तर कोणी 'रा.ग.गडकरी'. शेवटच्या दोहोंत फरक केवळ मोकळ्या जागेचा आहे. पण सूची तयार करणाऱ्या यंत्राला जागा हेही एक चिन्हच असते. तेव्हा आयातीपूर्वी संग्रहातील सर्व लेखकांची एक अधिकृत नामसूची करावी, प्रत्येक लेखकाचे एकच रूप ठरवावे आणि टोपणनाव दुसऱ्या रकान्यात राखावे. या कामाला संगणक लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरते, मात्र वाङ्मयेतिहास ठाऊक असावा लागतो.

आता काळ. दिनांकाचा रकाना आंतरराष्ट्रीय पद्धतीने भरावयाचा असतो : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, तेही इंग्रजी अंकांत. एकोणिसाव्या शतकातील अनेक मराठी पुस्तकांवर मात्र शालिवाहन शक छापलेला असतो. समजा, एका पुस्तकावर 'शके १७५४' असे आहे. घाईत असलेल्या नोंदकाराने 'शके' गाळून नुसता आकडा भरला, तर ते पुस्तक इसवी सन १७५४ मध्ये जाऊन बसते. नागरी टंकांत छापलेले मराठी पुस्तक पेशवाईत नानासाहेबांच्या काळात निघाले होते, असे मग संगणक निःशंकपणे सांगतो. विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले ते १८०५ साली, हे त्याला कोठून ठाऊक असणार? शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे येथे १८३२. हेच वर्ष 'दर्पण'चेही. परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने त्याचे शेवटचे दोन-तीन महिने पुढील इसवी सनात पडतात; तेथे ७९ मिळवावे लागतात. पुस्तकावर महिना नसेल तर ७८ मिळवून आलेले वर्ष दिनांकात घालावे आणि 'शके १७५४' हे मूळ शब्द वर्णनाच्या रकान्यात जसेच्या तसे ठेवावेत. पुढच्या अभ्यासकाला शंका घेण्यास जागा राहिली पाहिजे.

अधिकारांच्या रकान्याविषयी थोडक्यात. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत स्वामित्व टिकते. ही साठ वर्षे मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजतात. गडकरी १९१९ साली निवर्तले, त्यांचे साहित्य मुक्त आहे. अलीकडील लेखकांबाबत परवानगीविना फाइल सर्वांसाठी खुली करू नये.

एकच दिसणारी, पण एक नसलेली अक्षरे

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो, हे आपण जाणता. आता पुढील दोन शब्द पाहा : 'वऱ्हाडी' आणि 'वर्‍हाडी'. छापील पानावर दोहोंत भेद दिसणार नाही. परंतु पहिल्या शब्दात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह असून त्याचा क्रमांक ०९३१ आहे व त्यापुढे हलन्त आहे. दुसऱ्यात साधा 'र', क्रमांक ०९३०, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे 'शून्य रुंदीचा जोडक' नावाचे एक अदृश्य चिन्ह आहे. कोणत्या कळफलकावर टंकन केले, यावर यांपैकी कोणते रूप उमटेल हे अवलंबून असते. टंकन करणाऱ्याला आपण काही निवड केली आहे याची जाणीवही नसते.

याचा परिणाम काय होतो ते पाहू. एखाद्या संग्रहात वऱ्हाडी बोलीवरील तीस प्रबंध आहेत. अठरांच्या नोंदीत विषय एका रूपात आणि बारांच्या नोंदीत दुसऱ्या रूपात लिहिला आहे, असे समजा. विषयसूची उघडली की 'वऱ्हाडी बोली' हा विषय दोनदा दिसेल. विद्यार्थी त्यातील पहिल्यावर जाईल, अठरा प्रबंध पाहील आणि या विषयावर इतकेच काम झाले आहे असे मानून आपल्या प्रबंधात तसे लिहील. उरलेल्या बारा जणांची अनेक वर्षांची मेहनत सर्व्हरवर सुरक्षित असेल. तिचा कोणाला उपयोग नसेल.

यावर एक उतावळा उपाय केला जातो : सर्व फाइलींतून अदृश्य चिन्हे एकदम काढून टाकणे. मराठीच्या विद्यार्थ्याने येथे हात धरला पाहिजे. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना आणि 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या 'दर्‍या'तील जोडक काढला की उरते ते 'दर्या'. सह्याद्रीच्या दऱ्यांवरील लेख एका आज्ञेत समुद्रावरचा होतो. ज्या भेदाने अर्थ बदलतो तो भेद लेखनात राखावा लागतो. मराठीतील या दोन 'र'-जोडण्यांचा भेद त्याच प्रकारचा आहे. हिंदीत या भेदाची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदीला समोर ठेवून लिहिलेल्या सफाईच्या आज्ञा मराठी मजकुरावर डोळे मिटून चालवू नयेत.

योग्य उपाय दोन टप्प्यांचा आहे. प्रथम 'र, हलन्त, जोडक' हा क्रम जेथे असेल तेथे 'ऱ, हलन्त' हा क्रम घालावा. त्यानंतर मजकूर युनिकोडच्या 'एनएफसी' या प्रमाणरूपात आणावा. नुक्ता देऊन लिहिलेला 'र' या दुसऱ्या टप्प्यात आपोआप अखंड 'ऱ' होतो. पहिला टप्पा मात्र कोणतेही प्रमाणरूप आपल्यासाठी करीत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन रूपे समतुल्य नाहीत. नोंदी शोधणारी काही यंत्रे हा भेद स्वतःच पुसतात. पण ती बहुधा 'दऱ्या' व 'दर्या' यांनाही एकत्र आणतात. तो त्यांचा प्रश्न. नोंद शुद्ध असणे ही आपली जबाबदारी.

'ॲ'ची कथा अशीच आहे. हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ०९७२ या क्रमांकाने आले. त्यापूर्वी 'अ'वर अर्धचंद्र देऊन, कधी मध्ये अदृश्य जोडक घालून ते लिहिले जात असे. ही रूपेही एनएफसीने एक होत नाहीत. ती शोधून बदलावी लागतात. शिवाय एखादी सूची केवळ क्रमांकांच्या क्रमाने लावलेली असेल, तर ०९७२ हा क्रमांक 'ह'च्याही पुढचा असल्याने 'ॲरिस्टॉटल' यादीच्या तळाशी जाऊन बसतो. आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर येणारा 'ळ' युनिकोडच्या क्रमात 'ल'च्या शेजारी आहे. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना तर स्वतंत्र क्रमांकच नाहीत. ते 'क' आणि 'ज' यांच्या घरात राहतात.

याउलट मराठी वळणाचा 'ल' व 'श' आणि हिंदी वळणाचा 'ल' व 'श' यांचे आकार वेगळे असले, तरी त्यांचा क्रमांक एकच आहे. तो भेद फाँटचा आहे, त्याची चिंता नोंदकाराने करू नये. आकार एक पण संकेत भिन्न, आणि संकेत एक पण आकार भिन्न, या दोन परिस्थितींतील फरक नीट लक्षात घ्यावा. परीक्षेत यावर टीप विचारली जाऊ शकते.

आज्ञा आणि नकाशा

एवढी पूर्वतयारी झाली की प्रत्यक्ष आज्ञा एका ओळीची असते :

डीस्पेस इम्पोर्ट --ॲड --ईपर्सन=… --कलेक्शन=… --सोर्स=… --मॅपफाइल=…

'ॲड' म्हणजे नव्याने भर घालावयाची आहे. 'ईपर्सन'पुढे ज्याच्या नावावर ही भर नोंदली जाईल, त्या अधिकृत व्यक्तीचा ईमेल पत्ता येतो. 'कलेक्शन'पुढे संग्रहातील विभागाचा ओळखक्रमांक आणि 'सोर्स'पुढे आपण बांधलेल्या मोठ्या फोल्डरचा पत्ता. आज्ञेत 'वर्कफ्लो' हा शब्दही जोडला, तर ग्रंथ थेट संग्रहात न जाता त्या विभागासाठी नेमलेल्या परीक्षकांकडे जातात. पहिल्यांदा आयात करणाऱ्या संस्थेने हा शब्द जोडणे चांगले. याशिवाय प्रत्यक्ष काहीही न साठवता केवळ चाचणी घेण्याची सोयही आज्ञेत आहे. तिचा वापर न करता पहिलीच आयात करणे म्हणजे मुद्रितशोधन न करता पुस्तक छापावयास देण्यासारखे आहे.

चाचणीत आढळणारे दोष बहुधा क्षुल्लक असतात. प्रकाशकाच्या नावात 'आणि' या अर्थी वापरले जाणारे रोमी जोडचिन्ह तसेच राहिले, तर नोंदीची फाइल वाचताच येत नाही. कारण नोंदीच्या भाषेत त्या चिन्हाला विशेष अर्थ आहे. विंडोजवरील काही संपादक फाइलीच्या आरंभी एक अदृश्य खूण ठेवतात. ती यादीतील पहिल्या नावाला चिकटते आणि नेमकी पहिलीच फाइल सापडत नाही.

'मॅपफाइल' म्हणजे नकाशा. आयात होत असताना प्रणाली या फाइलीत एकेक ओळ लिहीत जाते : आपल्या फोल्डरचे नाव आणि त्या ग्रंथाला मिळालेला कायम ओळखक्रमांक. या ओळखक्रमांकाला 'हँडल' म्हणतात. आयात मध्येच थांबली, तर दोष दूर करून 'रिझ्यूम' या शब्दासह आज्ञा पुन्हा देता येते. नकाशात ज्यांच्या ओळी आहेत ते ग्रंथ सोडून पुढचे घेतले जातात. चुकीच्या नोंदी दाखल झाल्याचे नंतर लक्षात आले, तर त्याच नकाशाच्या आधारे त्या बदलता किंवा काढून टाकता येतात. नकाशा हरवला तर सहाशे ग्रंथ एकेक करून शोधावे लागतात. त्याच नावाची नकाशा-फाइल आधीच अस्तित्वात असेल आणि 'रिझ्यूम' म्हटलेले नसेल, तर प्रणाली आज्ञा नाकारते. हा नकार वैतागवाणा वाटला तरी हितकारक आहे. तो टाळण्यासाठी जुना नकाशा पुसून टाकू नये, नव्या आयातीला नवे नाव द्यावे.

हँडलविषयी एक बाब प्रशासकाला अवश्य विचारावी. डीस्पेस प्रथम स्थापित केल्यावर तिच्यात १२३४५६७८९ हा नमुन्यादाखल दिलेला उपसर्ग असतो. संस्थेने स्वतःचा उपसर्ग नोंदवून घेतला नाही, तर प्रत्येक ग्रंथाचा 'कायम' क्रमांक याच आकड्याने सुरू होतो आणि त्या संस्थेबाहेर त्याला काही अर्थ राहत नाही. प्रबंधाच्या संदर्भसूचीत असा क्रमांक देणाऱ्याने आपल्या वाचकाला बंद दारापाशी नेऊन सोडलेले असते.

आयात झाल्यावर शीर्षक, लेखक, विषय यांच्या सूची सामान्यतः आपोआप अद्ययावत होतात. ग्रंथाच्या आतील मजकूर शोधता यावा यासाठी 'फिल्टर-मीडिया' ही स्वतंत्र आज्ञा आहे. ती पीडीएफमधून मजकूर काढून शोधयंत्राला देते. येथे मराठीची जुनी दुखरी जागा समोर येते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकित केलेल्या प्रबंधाची पीडीएफ पडद्यावर सुवाच्य मराठीत दिसते, पण तिच्या पोटात रोमी अक्षरांची सरमिसळ असते. फाँट हा केवळ मुखवटा होता. अशा फाइलीतून मराठीचा एकही शब्द बाहेर येत नाही. नुसत्या स्कॅन केलेल्या पानांतून तर अक्षरेच निघत नाहीत, कारण ती चित्रे असतात; त्यांच्यासाठी टेसरॅक्टसारखे, मराठी ओळखणारे अक्षरवाचक सॉफ्टवेअर आयातीपूर्वी चालवावे लागते आणि त्याचे मुद्रितशोधन माणसाने करावे लागते. एवढे मनुष्यबळ नसेल, तर निदान प्रत्येक नोंदीत विषयाचे शब्द आणि दहा-बारा ओळींचा गोषवारा युनिकोडमध्ये भरावा. ग्रंथाच्या पोटात शिरता आले नाही, तरी वाचकाला त्याच्या दारापर्यंत पोहोचता येते.

स्वयं-अध्ययनासाठी

१. आपल्या घरी किंवा जवळच्या ग्रंथालयात १९६२ पूर्वी छापलेले एखादे मराठी पुस्तक शोधा. त्याचे मुख्य शीर्षक, पर्यायी शीर्षक, कर्ता, दिनांक, भाषा व अधिकार यांची नोंद कागदावर तयार करा. शक छापलेला असल्यास इसवी सन कसा काढला ते लिहा.

२. आपल्या भ्रमणध्वनीवर आणि संगणकावर 'वऱ्हाडी', 'दऱ्या', 'ॲप' हे शब्द टंकित करून एकाच फाइलीत ठेवा. मग संगणकावरील शोध-सुविधेने एक रूप शोधा. दुसरे सापडते का, ते पाहून निरीक्षण नोंदवा.